एक्स्पोर्टच्या खिडकीत काय भरायचं?

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव सुरू झाला की गर्दीत दोन-तीन मोठे कॅमेरे हमखास दिसतात. ओल्या टोपल्या, चकाकणारी सुरमई, बोलीचा गलका, मागे पाण्यात सुवर्णदुर्ग. इथे फोटो वाईट यायला जागाच नाही. पंचाईत होते ती घरी आल्यावर. कार्डात एकेक फाईल २५-३० एमबीची, तिच्या नावापुढे सीआरथ्री, एनईएफ किंवा एआरडब्ल्यू असं शेपूट (ही कॅमेऱ्याची कच्ची, म्हणजे रॉ फाईल), आणि निम्म्या लोकांच्या मोबाइलवर ती उघडतच नाही. होमस्टेवाल्या काकांना वेबसाइटसाठी चार फोटो हवे असतात, मुंबईच्या आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर, मंडळाला फ्लेक्ससाठी, आणि आपल्याला स्वतःला भिंतीवर लावायला एखादा १२ बाय १८ चा प्रिंट. मग सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्टची, म्हणजे पाठवण्याजोगी फाईल बाहेर काढण्याची खिडकी उघडते, तिच्यात भरमसाट रकाने असतात, आणि बहुतेक जण मागच्या वेळी जे होतं तेच राहू देऊन बटण दाबतात.

त्यातले चार-पाच रकानेच खरे कामाचे आहेत. पण ते समजायचे तर आधी रॉ फाईल म्हणजे काय, हे थोडं बघावं लागतं.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो बारीक ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाचा फिल्टर असतो. चारांच्या गटात दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची. तिचं पेटंट १९७६ सालचं आहे आणि आजही बहुतेक कॅमेरे त्याच मांडणीवर चालतात. याचा अर्थ असा की रॉ फाईलमध्ये आपण ज्याला रंगीत फोटो म्हणतो तो अजून तयारच झालेला नसतो. प्रत्येक ठिपक्यापाशी एका रंगाचा उजेड किती पडला, एवढंच मोजमाप तिथे नोंदलेलं असतं. उरलेले दोन रंग आजूबाजूच्या ठिपक्यांवरून काढण्याचं काम सॉफ्टवेअर नंतर करतं. व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळणी), कॉन्ट्रास्ट, रंगांचा गडदपणा, हे सगळंही नंतरचंच.

मोजमाप मात्र फार बारीक असतं. १४ बिटच्या रॉमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्या असतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६. जेपीजीमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६. भर दुपारी खडकावर फुटणारी पांढरीशुभ्र लाट आणि शेजारी जांभ्याच्या कड्याची काळीकुट्ट सावली एकाच फ्रेममध्ये असेल, तर हा फरक डोळ्यांना दिसतो. रॉमध्ये सावली उचलली की कड्याची भोकं भोकं वर येतात. जेपीजीमध्ये तीच सावली उचलली की तपकिरी ठिगळं दिसायला लागतात, कारण तिथे पायऱ्याच उरलेल्या नसतात. म्हणून जे काही उजळायचं, गडद करायचं, रंग बदलायचे, ते रॉवर उरकायचं आणि जेपीजी अगदी शेवटी बनवायचं.

आता नेहमीचा प्रश्न: रॉ फाईल लहान कशी करायची? ती लहान करायची नसते. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी, कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, ते मूळ रॉमधल्या मोजमापाला हात लावत नाही. तुम्ही सरकवलेल्या प्रत्येक स्लायडरची नोंद वेगळीकडे होते: इतकं उजळ, इतकं क्रॉप, इतकं उबदार. एक्स्पोर्ट म्हटलं की सॉफ्टवेअर मूळ मोजमाप घेतं, त्यावर या सगळ्या नोंदी चढवतं आणि एक नवी, वेगळी फाईल बनवून देतं. जुन्या स्टुडिओवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. निगेटिव्ह कपाटात राहायची आणि गिऱ्हाइकाला हवा त्या मापाचा प्रिंट निघायचा, तसंच हे. एका रॉमधून आत्याचा फोटो वेगळा, फ्लेक्सचा वेगळा आणि भिंतीवरचा वेगळा.

जाता जाता एक शंका फेडून टाकतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो आणि कॉम्प्युटरवर उघडल्यावर क्षणभर तसाच दिसून मग एकदम फिका पडतो. यात काही बिघडलेलं नसतं. जवळजवळ प्रत्येक रॉ फाईलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला एक जेपीजी असतो आणि आधी तोच दिसतो. नंतर सॉफ्टवेअर मूळ मोजमापातून स्वतःचा फोटो तयार करतं, तो साधा असतो. सजावट आपण करायची.

तीन मापं, तीन वेगळी कामं

फोटोला तीन मापं असतात आणि सगळा गोंधळ या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे होतो. पहिलं माप पिक्सेलचं: २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेल असतो. दुसरं माप वजनाचं, म्हणजे एमबी. तिसरं कागदावरच्या इंचांचं.

पिक्सेल कमी केले की वजन कमी होतं, हे खरं. पण पिक्सेल तेवढेच ठेवूनही वजन कमी करता येतं: जेपीजीची क्वालिटी खाली आणून, म्हणजे फोटो जास्त दाबून. हे दोन अगदी वेगळे मार्ग आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे. आणि इंच? ते तर फाईलमध्ये नसतातच म्हटलं तरी चालेल. ६००० पिक्सेल तुम्ही २० इंचांत छापा किंवा ६० इंचांत, पिक्सेल ६००० च.

इथेच तो रिझोल्यूशनचा रकाना लोकांना फसवतो. ७२, २४०, ३०० असे आकडे तिथे असतात. एका इंचात किती पिक्सेल बसवायचे, एवढीच ती छापणाऱ्यासाठीची सूचना. २०४८ पिक्सेलचा एक फोटो ७२ वर काढा, तोच पुन्हा ३०० वर काढा आणि दोन्ही फाईली शेजारी ठेवून बघा. पिक्सेल तेच, वजन तेच, स्क्रीनवर चित्रही तेच. तरीही स्पर्धांच्या माहितीपत्रकांत ‘फोटो ३०० डीपीआयचा असावा’ एवढंच लिहिलेलं असतं आणि पिक्सेल किती, याचा पत्ता नसतो. अशा अटीला अर्थ नाही. फोन करून लांब बाजू किती पिक्सेल हवी ते विचारावं, आणि रकान्यात ३०० लिहून द्यावं म्हणजे दोघांचंही समाधान होतं.

आता मुख्य रकाना, रिसाइज. इथे रुंदी-उंची, मेगापिक्सेल, टक्के असे बरेच पर्याय असतात. मी डोळे झाकून ‘लाँग एज’ निवडायला सांगतो. म्हणजे फोटोची जी बाजू लांब असेल ती अमुक पिक्सेलची करा, दुसरी आपोआप प्रमाणात येईल. रुंदी २०४८ ठरवली तर आडवा फोटो २०४८ बाय १३६५ होतो, पण उभा माड टिपलेला फोटो २०४८ बाय ३०७२ होऊन बसतो. लाँग एजमध्ये आडवे-उभे सगळे एका मापात येतात, आणि दोनशे फोटो एकदम काढायचे असतील तर हे फार सोयीचं पडतं.

एक हिशोब लक्षात ठेवा. बाजू निम्मी केली की पिक्सेल निम्मे होत नाहीत, पाव होतात. ६००० बाय ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. ३००० बाय २००० केले की ६० लाख. २०४८ बाय १३६५ केले की २८ लाखांच्या आत. म्हणून वाडीत एकच दांडी रेंज असताना फोटो चढत नसेल तर आधी बाजू कमी करा, क्वालिटीला नंतर हात लावा. उलट करणारे फार. ६००० पिक्सेल तसेच ठेवतात, क्वालिटी ३० वर आणतात आणि मग आकाशात चौकडे दिसतात म्हणून कॅमेऱ्याला शिव्या घालतात.

‘डोन्ट एन्लार्ज’ ही खूण असेल तर ती लावून ठेवा. नाहीतर एखादा खूप क्रॉप केलेला, मुळात १५०० पिक्सेलचा उरलेला फोटो सॉफ्टवेअर ताणून २०४८ चा करतं. वजन वाढतं आणि तपशील काडीचा वाढत नाही.

लहान करताना काय घडतं

फोटो लहान करणं म्हणजे मधले पिक्सेल गाळून टाकणं, असं वाटतं. तसं खरंच केलं तर काय होतं ते बघायला बंदरावर वाळत घातलेल्या जाळ्याचा फोटो घ्या. जाळ्याची बारीक उभी-आडवी वीण मूळ फोटोत दर चार-पाच पिक्सेलला एक दोरा अशी आलेली असते. आता ६००० चे १००० पिक्सेल करायचे, म्हणजे दर सहातला एक ठेवायचा. मधले नुसते टाकून दिले तर कधी दोरा हाती लागतो, कधी भोक, आणि जाळ्यावर मुळात नसलेल्या जाड लाटा, पट्टे उमटतात. याला मॉयरे म्हणतात. मंगलोरी कौलांच्या रांगा, झावळ्यांची पातळ पानं, होड्यांचे दोरखंड, किनाऱ्यावर अशा गोष्टींना तोटा नाही.

चांगलं सॉफ्टवेअर असं करत नाही. ते आजूबाजूच्या अनेक पिक्सेलांची सरासरी ठरावीक वजनं लावून काढतं. रॉथेरपीत आणि डार्कटेबलमध्ये त्यासाठी लँझोस नावाची पद्धत मिळते. डार्कटेबलच्या एक्स्पोर्टमध्ये ‘हाय क्वालिटी रिसॅम्पलिंग’ असा एक पर्याय आहे. तो चालू केला की आधी पूर्ण मापावर सगळी प्रक्रिया होते आणि मग फोटो लहान होतो. वेळ जास्त लागतो, पण जाळ्याच्या फोटोला तो द्यावा.

सरासरीचा एक फायदा आणि एक तोटा. फायदा आधी सांगतो, कारण तो आपल्या दशावताराच्या, म्हणजे कोकणातल्या रात्रीच्या लोकनाट्याच्या फोटोंना कामाचा आहे.

जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार रंगतो तो मध्यरात्र उलटल्यावर. संकासुर नाचतोय, हॅलोजन किंवा रंगीत एलईडीचा उजेड, शटर मंद करावं तर सगळं हलतं, म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरचा उजेड वाढवून घेण्याचा आकडा, ६४०० वर न्यावा लागतो. शंभर टक्के झूम करून बघितलं तर चेहऱ्यावर तांदूळ सांडल्यासारखी नॉइज, म्हणजे रवाळ ठिपके. इथे घाबरून लोक नॉइज रिडक्शनचा स्लायडर टोकाला नेतात आणि रंगवलेला चेहरा मेणाचा करून टाकतात. थांबा. फोटो कुठे जायचा आहे? मोबाइलवर, २००० पिक्सेलचा. ६००० चे २००० करताना मूळ नऊ पिक्सेलांचा एक पिक्सेल होतो. नॉइज आडवीतिडवी, कुठेही कशीही पडलेली असते, त्यामुळे नऊंची सरासरी काढली की ती बरीचशी एकमेकांना खाऊन टाकते, ढोबळमानाने एक तृतीयांश उरते. चेहऱ्यावरचा रंग, डोळ्यांच्या रेषा मात्र टिकतात. म्हणून अशा फोटोची नॉइज एक्स्पोर्टच्या मापावर बघून ठरवावी, शंभर टक्के झूमवर नव्हे.

तोटा असा की सरासरीमुळे कडा किंचित मऊ होतात. त्यासाठी ‘आउटपुट शार्पनिंग’ हा रकाना. लाइटरूममध्ये स्क्रीन, मॅट कागद, ग्लॉसी कागद असे तीन पर्याय आणि लो, स्टँडर्ड, हाय अशा तीन पातळ्या आहेत. आधी लहान करायचं, मग धार लावायची, हा क्रम महत्त्वाचा, आणि एक्स्पोर्टमध्ये सॉफ्टवेअर तो स्वतः पाळतं. वेबसाठी स्क्रीन आणि स्टँडर्ड पुरतं. कागदावर शाई थोडी पसरते म्हणून प्रिंटसाठीची धार स्क्रीनवर जास्तच वाटते. तिला बघून घाबरू नये, पण ती फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवू नये.

काही तपशील मात्र कितीही धार लावली तरी टिकत नाहीत. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कातळात कोरलेला मोठा हत्ती आहे आणि त्याच्या अंगात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. खोदकाम उथळ. तिरप्या उन्हात सावली पडली तरच रेषा नीट उठतात. ड्रोनने वरून घेतलेला पूर्ण हत्ती १०८० पिक्सेलमध्ये बसवला की पोटातले छोटे प्राणी एक-दोन पिक्सेलच्या रेषांवर येतात आणि कातळाच्या खरखरीत विरून जातात. इथे सेटिंग शोधत बसण्यापेक्षा त्याच रॉमधून दोन फायली काढा: एक पूर्ण हत्तीची, दुसरी क्रॉप करून एका-दोन प्राण्यांची. लाइटरूममध्ये ‘व्हर्च्युअल कॉपी’ आणि डार्कटेबलमध्ये ‘डुप्लिकेट’ केलं की दोन्ही क्रॉप शेजारी शेजारी राहतात, रॉ एकच.

क्वालिटीचा आकडा

जेपीजी हे प्रमाण १९९२ चं. ते फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्यांना कमी जाणवणारा बारीक तपशील टाकून देतं. क्वालिटी जितकी कमी, तितकं टाकणं जास्त. फार खाली गेलात की ते चौकोनच दिसायला लागतात. सर्वांत आधी दिसतात ते सूर्यास्तानंतरच्या गुळगुळीत आकाशात, जिथे केशरी हळूहळू निळ्यात मिसळतो. तिथे पट्टे पडतात. होडीच्या डोलकाठीभोवती आणि दोरांभोवतीही धुरकट ठिपके जमतात.

रंगांचं नुकसान आणखी लवकर होतं. आपल्या डोळ्यांना उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तितका नाही, याचा फायदा घेऊन जेपीजी रंगाची माहिती बरेचदा निम्म्या बारकाव्याने साठवतं. होडीच्या निळ्या फळीवर लाल रंगात रंगवलेलं नाव बघा. क्वालिटी ५० वर आणली की अक्षरं वाचता येतात, पण लाल रंग कडांबाहेर ओघळल्यासारखा दिसतो.

मग आकडा किती ठेवावा? ८० ते ८५. १०० ठेवल्याने वजन कितीतरी वाढतं आणि फरक शोधून सापडत नाही. प्रिंटला पाठवायचं असेल तर ९०-९५ ठेवा, तिथे वजनाची काळजी नाही. एका सॉफ्टवेअरचा ८० आणि दुसऱ्याचा ८० सारखा नसतो, एवढं ध्यानात असू द्या.

एकाच क्वालिटीला दोन फोटोंचं वजन सारखं येत नाही, म्हणूनही लोक गोंधळतात. पावसाळी धुक्यातला समुद्र, वर राखाडी, खाली राखाडी, मध्ये एक होडी: असा फोटो चटकन दाबला जातो. जाळ्यांच्या ढिगाचा, तेवढ्याच पिक्सेलांचा फोटो त्याच्या कितीतरी पट भरतो, कारण तिथे टाकून देण्याजोगं काही नाही. एखाद्या अर्जात ५०० केबीची मर्यादा असेल तर लाइटरूममध्ये ‘लिमिट फाईल साइज’ हा रकाना आहे. पण तो पिक्सेल तेवढेच ठेवून फक्त दाब वाढवतो. आधी लाँग एज १६०० किंवा २००० करा, मग ही मर्यादा लावा. नाहीतर ६००० पिक्सेल ५०० केबीत कोंबायचा प्रयत्न होतो आणि फोटोची दशा होते.

जेपीजी उघडून, थोडं बदलून, पुन्हा सेव्ह करणं टाळा. दर खेपेला नवं टाकणं होतं. काही बदलायचं असेल तर रॉकडे परत जा आणि नवी फाईल काढा, त्याला मिनिटही लागत नाही. फोटोशॉपमध्ये पुढचं मोठं काम करायचं असेल तर १६ बिट टिफ काढा. २४ मेगापिक्सेलचं न दाबलेलं टिफ १४४ एमबीच्या घरात जातं, म्हणून उगाच काढू नका.

रंग फिके का पडतात

कलर स्पेसच्या रकान्यात एसआरजीबी, अ‍ॅडोबी आरजीबी, प्रोफोटो आरजीबी असे पर्याय दिसतात. ‘मोठा असेल तो चांगला’ म्हणून प्रोफोटो निवडलं की बहुधा रंग मेलेले येतात. कारण फाईलमधला आकडा आणि प्रत्यक्ष रंग यांचा संबंध ही कलर स्पेस ठरवते. मोठ्या स्पेसमध्ये लिहिलेले आकडे एखाद्या अ‍ॅपने एसआरजीबी समजून वाचले तर सगळं धुऊन काढल्यासारखं दिसतं. एसआरजीबी १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने साध्या पडद्यांसाठी आणलं आणि वेबवर आजही तेच गृहीत धरतात. लॅबने वेगळं मागितलं नसेल तर सगळीकडे एसआरजीबी. यावर अधिक डोकं खाजवण्याची गरज नाही.

अपवाद पुन्हा आपला दशावतार. लाल एलईडीखालचा लाल शेला कॅमेरा टिपतो, पण तेवढा लाल एसआरजीबीत मावत नाही. एक्स्पोर्टमध्ये जे मावत नाही ते सगळं काठावर आणून ठेवलं जातं आणि शेल्याच्या चुण्या नाहीशा होऊन एक सपाट लाल डाग उरतो. लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये ‘सॉफ्ट प्रूफिंग’ लावून एसआरजीबी निवडलं की हे आधीच दिसतं. मग फक्त लालचं सॅच्युरेशन (गडदपणा) थोडं उतरवा आणि उजेडही किंचित कमी करा. चुण्या परत येतात. लाल जरा शांत झाला, हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

कुठे पाठवायचंय?

इन्स्टाग्रामसाठी १०८० पिक्सेल रुंदी, उभा फोटो १०८० बाय १३५०. मोठा टाकला तर ते स्वतः लहान करतात, आणि त्यांच्यापेक्षा आपण केलेलं बरं. फेसबुकला आणि वेबसाइटला लांब बाजू २०४८ पुरते. होमस्टेच्या वेबसाइटवर ६००० पिक्सेलचे वीस फोटो टाकले की घाटातून येणाऱ्या पाहुण्याच्या मोबाइलवर पान उघडेपर्यंत तो दुसरीकडे बुकिंग करून मोकळा होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो पुन्हा लहान होतो, पुन्हा दाबला जातो. एचडी निवडलं तर थोडं बरं. मूळ फाईल जशीच्या तशी जायला हवी असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आत्याला साधा चालेल. छापणाऱ्याला नेहमी डॉक्युमेंट.

डॉक्युमेंट म्हणून पाठवताना फाईलच्या पोटातली माहितीही जाते, हे विसरू नका. फोनने किंवा ड्रोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. समुद्र गरुडाच्या घरट्याचा फोटो असेल, किंवा कुणाच्या घराअंगणातल्या लहान मुलांचा, तर मेटाडेटाच्या रकान्यात ‘रिमूव्ह लोकेशन इन्फो’ला खूण करा. आपलं नाव आणि कॉपीराइट मात्र ठेवा. फोटोच्या मधोमध पसरलेल्या वॉटरमार्कपेक्षा ते बरं दिसतं.

प्रिंटचा हिशोब सरळ: इंच गुणिले ३००. १२ बाय १८ साठी ३६०० बाय ५४०० पिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो त्यात आरामात बसतो, रिसाइज न करता पूर्ण मापाचाच द्या. प्रमाणाकडे मात्र बघा. कॅमेऱ्याचा फोटो ३:२, आणि ४ बाय ६, ८ बाय १२, १२ बाय १८ हे सगळे त्याच प्रमाणातले. ८ बाय १० मागितलात तर ते ५:४, म्हणजे लांबीकडून काहीतरी कापलं जाणारच. काय कापायचं ते लॅबच्या पोरावर सोडलं तर तो होडीचं नाळेकडचं, म्हणजे पुढचं टोक उडवतो. क्रॉप आपणच करून द्यावा.

आणि फ्लेक्स. गणपतीच्या आधी ‘चाकरमान्यांचे सहर्ष स्वागत’ लिहिलेले फ्लेक्स फाट्याफाट्यावर लागतात आणि डीटीपीवाला रात्री अकराला फोन करून सांगतो, ‘फोटो फुटता मरे, मोठो धाड.’ त्याचं खरं असतं. ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरून आलेला १२०० पिक्सेलचा फोटो १० फूट, म्हणजे १२० इंच रुंद छापला तर इंचाला १० पिक्सेल येतात आणि एकेक पिक्सेल अडीच मिलिमीटरचा होतो. चेहरा चौकड्यांचाच दिसणार. पण म्हणून इथे ३०० चा हट्टही धरायचा नसतो. १२० इंचांना ३०० म्हणजे ३६,००० पिक्सेल, तेवढे आणणार कुठून? फ्लेक्स १५-२० फुटांवरून बघायचा असतो. ६००० पिक्सेलची पूर्ण फाईल दिली तर इंचाला ५० येतात आणि रस्त्यावरून ते पुरतं. एसआरजीबी, क्वालिटी ९५, रिसाइजची खूण काढलेली, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली. शाईच्या रंगांत रूपांतर त्याचं तो करतो.

फार क्रॉप केलेल्या फोटोला हल्ली एआयने मोठं करायचीही सोय आहे. अ‍ॅडोबीचं ‘सुपर रिझोल्यूशन’ २०२१ मध्ये आलं. ते दोन्ही बाजू दुप्पट करतं, म्हणजे पिक्सेल चौपट. पाखराची पिसं, कातळ, पानं यांवर ते छान चालतं. माणसाच्या लांबच्या, धूसर चेहऱ्यावर अशा साधनांनी नसलेले तपशील रचले जाऊ शकतात, म्हणून गावातल्या माणसाच्या फ्लेक्सवर छापण्याआधी त्याच्या घरच्यांना दाखवून घ्या.

ही सगळी जुळणी दरवेळी हाताने करू नका. प्रत्येक ठिकाणासाठी एक प्रीसेट बनवा आणि त्याला सरळ नाव द्या: ‘व्हॉट्सअ‍ॅप’, ‘वेबसाइट २०४८’, ‘प्रिंट’, ‘फ्लेक्स’. एक्स्पोर्टचं फोल्डर रॉच्या फोल्डरपासून वेगळं ठेवा. तिथल्या फायली काम झाल्यावर पुसल्या तरी बिघडत नाही, पुन्हा काढता येतात. जपायची ती रॉ आणि तिच्यासोबतची नोंद. डार्कटेबल ती नोंद शेजारीच एक्सएमपी फाईलमध्ये लिहितं, रॉथेरपी पीपीथ्रीमध्ये. लाइटरूम क्लासिक ती आपल्या कॅटलॉगमध्ये ठेवतं, त्यामुळे नुसत्या रॉ दुसऱ्या डिस्कवर कॉपी केल्या आणि कॅटलॉग मागे राहिला तर सगळं एडिटिंग तिथेच राहतं. सेटिंग्जमध्ये एक्सएमपी आपोआप लिहिण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. आणि ती दुसरी डिस्क पावसाळ्यात कपाटात नुसती टाकू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, लेन्सच्या शेजारी ठेवा.